बंद गाडीची नोंदही बंद होऊ द्या: परिवहन आयुक्तांस खुले पत्र

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांस,

सविनय नमस्कार.

जुनी वाहने मोडीत काढण्याच्या धोरणाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा धावत्या गाड्यांभोवती फिरते. पंधरा वर्षे झाली, आता पुन्हा पासिंग करून घ्यायचे की नवी गाडी घ्यायची, करात किती सूट मिळेल, हेच प्रश्न त्यात येतात. ज्या गाड्या आज धावतच नाहीत, ज्यांना धक्का मारूनही हलवता येत नाही आणि ज्यांचे मालक अनेकदा या जगातच नाहीत, त्या गाड्यांचे काय करायचे, हे मात्र कोणी विचारत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या पार्किंगमध्ये, वाड्यांच्या बोळात, बंद पडलेल्या गॅरेजच्या मागच्या अंगणात आणि गावाकडच्या गोठ्यालगत अशा गाड्या वर्षानुवर्षे उभ्या आहेत, आणि कागदावर त्या सगळ्या अजून ‘वाहने’ आहेत. हे पत्र त्यांच्याविषयी आहे.

मी मोटार विम्याचा सर्वेक्षक म्हणून काम केले आहे. अपघातात चेंदामेंदा झालेल्या गाड्या तपासणे, दुरुस्तीचा खर्च काढणे आणि गाडी ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्तीपलीकडची, ठरवायची की नाही याचा अहवाल देणे, हा माझा व्यवसाय होता. निवृत्तीनंतर मी पुण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव झालो, आणि आयुष्यभर ज्या प्रश्नाची एक बाजू पाहिली होती त्याची दुसरी बाजू समोर आली.

आमच्या इमारतीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये एक मारुती 800 उभी आहे. तिचे मालक वारले, मुलगा परदेशी असतो, आणि त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, गाडी चालवता येत नाही. गाडीवरचे कापडी आवरण उन्हाने विरून टपाच्या पत्र्याला चिकटले आहे. चारही टायर बसले आहेत. हँडब्रेक ओढून ठेवलेल्या अवस्थेत गाडी इतका काळ उभी राहिली की मागचे ब्रेक शू आतून ड्रमला धरले आहेत, त्यामुळे पुढची चाके जेमतेम फिरतात आणि मागची फिरतच नाहीत. बॉनेट उघडले तर वायरिंगच्या जागी उंदरांनी सोडलेल्या तारांचे तुकडे दिसतात. दारांखालचा पत्रा बोटाने दाबला तरी पापुद्र्यासारखा सुटतो. या गाडीला पुन्हा जिवंत करण्याचा विचार कोणताही शहाणा मेकॅनिक करणार नाही. मारुती 800 चे उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबले, म्हणजे अगदी शेवटच्या तुकडीतील गाड्यांचीही पहिली पंधरा वर्षे 2029 मध्ये पूर्ण होतील. आमच्या पार्किंगमधील गाडी याआधीच त्या रेषेच्या पलीकडे गेली आहे, आणि तिच्या मागोमाग तशाच कितीतरी गाड्या येत आहेत.

कायदा या बाबतीत मुका आहे, असे मी म्हणणार नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 55 सांगते की वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निरुपयोगी झाले, तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्याला तसे कळवावे आणि नोंदणी प्रमाणपत्र परत करावे. केंद्र सरकारने 23 सप्टेंबर 2021 रोजी अधिसूचित केलेल्या नियमांनी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांची व्यवस्था उभी केली. हे केंद्र वाहननोंदणीच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, ती चोरीची आहे का, हे तपासते. गाडी ताब्यात घेतल्यावर ठेव प्रमाणपत्र देते. इंधन, ऑइल, कूलंट, बॅटरी, एसीचा वायू आणि गॅसची टाकी आधी वेगळी काढते, मगच पत्रा कापते, आणि शेवटी मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र देते, ज्याच्या आधारे नोंदणी रद्द होते. विमा व्यवसायात राहून गाड्यांचे अवशेष कुठे कुठे जातात हे पाहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही व्यवस्था मनापासून पटते. तिच्यात त्रुटी आहे ती एवढीच, की गाडीचा मालक हयात आहे, त्याचा मोबाइल क्रमांक प्रणालीत आहे आणि गाडी केंद्रापर्यंत पोहोचू शकते, हे तिने गृहीत धरले आहे. बंद गाड्यांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे विरळाच.

काकूंची गाडी भंगारात द्यायचे ठरले तेव्हा काय घडले ते सांगतो. कोणत्या कार्यालयात आणि कोणत्या केंद्रात घडले हे मुद्दाम सांगत नाही, कारण तक्रार एखाद्या खिडकीविरुद्ध नाही. केंद्राने सांगितले की नोंदणी मृत व्यक्तीच्या नावावर आहे, आधी वारसाच्या नावावर करून आणा. हस्तांतरणासाठी गेल्यावर सांगण्यात आले की नाव लावायचे तर विमा चालू हवा, पीयूसी चालू हवी, आणि नोंदणीची मुदत संपली असल्यामुळे आधी तिचे नूतनीकरण हवे. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला हजर करावी लागते. पीयूसीसाठी इंजिन सुरू व्हावे लागते. म्हणजे जी गाडी चालत नाही म्हणून भंगारात द्यायची, ती भंगारात देण्यासाठी आधी चालवून दाखवायची! शिवाय नूतनीकरणाचे शुल्क आहे. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीसाठी ते 600 रुपयांवरून 5000 रुपये झाले आणि उशिराबद्दल दरमहा 500 रुपये वेगळे. ज्या पत्र्याची किंमत भंगाराच्या भावाने होणार, त्याला आणखी पाच वर्षे रस्त्यावर धावण्याचा परवाना मिळवण्यासाठी हे पैसे भरायचे.

यात उच्च सुरक्षा नंबरपट्टीची भर पडली. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या वाहनांना ती बसवणे राज्यात बंधनकारक झाले आणि ती नसल्यास मालकी हस्तांतरण, पत्त्यातील बदल, बोजा चढवणे-उतरवणे ही कामे थांबवण्याचे ठरले. रस्त्यावरील गाड्यांच्या बाबतीत हा निर्णय योग्यच आहे. पण कटरखाली जाणाऱ्या गाडीला नवी नंबरपट्टी कशासाठी, याचे उत्तर मला कोणत्याही खिडकीवर मिळाले नाही.

संगणकीय अडचणी आणखी निराळ्या. जुन्या आरसी पुस्तकांवरच्या सगळ्या नोंदी ‘वाहन’ प्रणालीत आलेल्या नाहीत. अशी गाडी असली की आधी कार्यालयात ‘बॅकलॉग’ नोंद करून घ्यावी लागते. नोंद सापडली तरी ओटीपी जातो तो मृत मालकाच्या क्रमांकावर, आणि तो क्रमांक दूरसंचार कंपनीने एव्हाना दुसऱ्याच कुणाला दिलेला असतो. क्रमांक बदलायला आधार हवे, आणि आधार ज्याचे हवे तो माणूस नाही.

वारसाच्या कागदपत्रांबाबत तर प्रत्येकाचे मत वेगळे. कोणी मृत्यू दाखला आणि इतर वारसांचे ना-हरकत शपथपत्र पुरेसे मानतो, कोणी न्यायालयाचे ‘सक्सेशन सर्टिफिकेट’ मागतो. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 खाली मिळणारे हे प्रमाणपत्र येणी आणि रोखे यांच्यासाठी असते, मोटारगाडी या दोन्हींत बसत नाही, हे आपल्या विधी शाखेला मी सांगण्याची गरज नसावी. ते मागणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र कोणीतरी लेखी सांगण्याची गरज आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने तीस दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत हस्तांतरणासाठी अर्ज करायचा असतो. ही तरतूद गाडी वापरू इच्छिणाऱ्या वारसासाठी आहे. गाडी फक्त संपवू इच्छिणाऱ्या वारसाला याच रांगेत उभे करणे अनावश्यक आहे.

या सगळ्यातून जो मार्ग कुटुंबे शेवटी पत्करतात, तो आपल्याला ठाऊक असेलच. गल्लीत हातगाडी घेऊन फिरणारा भंगारवाला किंवा त्याच्या ओळखीचा ‘पार्टी’वाला येतो. रोख पैसे देतो, क्रेनही त्याचीच आणि हमालही त्याचेच. तो एकच कागद मागतो, तो म्हणजे मूळ आरसी. कुटुंबाला वाटते, बला टळली. माझ्या व्यवसायात या कागदाची किंमत काय असते ते मी पाहिले आहे. अपघातात संपलेल्या गाडीचे अवशेष भंगाराच्या दरापेक्षा चढ्या भावाने घेणारे लोक पत्रा घेत नसतात, ते आरसी आणि चेसीस नंबर घेत असतात. त्याच बनावटीची चोरीची गाडी आणायची, मूळ नंबराचा पत्र्याचा तुकडा कापून तिच्यावर बेमालूम वेल्ड करायचा, वरून रंग मारायचा आणि कागदपत्रांसह ती दूरच्या जिल्ह्यात विकायची, ही जुनी रीत आहे. सर्वेक्षणाच्या वेळी चेसीस नंबरावर कागद धरून पेन्सिलीने घासून छाप घेताना अक्षरांभोवतीचा पत्रा किंचित उंचसखल लागला, तर आम्ही तिथेच थांबत असू. मारुती 800 सारख्या गाडीला आता कोणी इतके कष्ट घेणार नाही, असे कोणी म्हणेल. टेम्पो, जीप आणि दुचाकी यांच्याबाबत तेच म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

आणि जबाबदारी कोणाची? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केले की नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघात-भरपाईच्या कामी मालक. गाडी पुढे कोणाकोणाच्या हातात गेली, याचा माग अपघातग्रस्ताने काढत बसावे, अशी अपेक्षा करता येणार नाही. न्याय म्हणून हे योग्यच आहे. परंतु आरसी भंगारवाल्याच्या हाती देणाऱ्या माणसाला आपण कोणती टांगती तलवार घरी घेऊन जात आहोत, याची कल्पनाही नसते. केंद्र सरकारने रीतसर प्रमाणपत्र देणारी केंद्रे काढली ती हा धोका संपवण्यासाठी, आणि आपल्या खिडक्या त्याच नागरिकाला पुन्हा हातगाडीकडे ढकलत आहेत.

वाहतुकीचा खर्च हा दुसरा अडसर. आमच्या पार्किंगच्या स्लॅबची उंची अशी आहे की हायड्रा क्रेन आत येत नाही. धरलेल्या मागच्या चाकांखाली चाकांच्या पाट्या सरकवून माणसांनी गाडी बाहेर ओढायची, मग तिथे क्रेनने उचलून ट्रकवर चढवायची. या कामाची मजुरी, क्रेनचे भाडे आणि केंद्रापर्यंतचे ट्रकभाडे वजा केले की मालकाच्या हाती फारसे काही उरत नाही. धोरण जाहीर करताना, 2021 मध्ये, भंगाराचे मूल्य नव्या गाडीच्या किमतीच्या साधारण 4 ते 6 टक्के असेल असे सांगितले गेले होते. इंजिन, बॅटरी आणि सगळे सुटे भाग जागेवर असलेल्या गाडीसाठी ते कदाचित खरे असेल. जिची बॅटरी पूर्वीच कोणी उचलून नेली आणि जिचा पत्रा सडला, तिच्याकडून ही अपेक्षा करता येत नाही. करसवलतीचेही तसेच. केंद्र सरकारच्या नियमांनी ठेव प्रमाणपत्रावर नव्या खासगी वाहनाच्या करात 25 टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनाच्या करात 15 टक्क्यांपर्यंत सवलतीची मुभा राज्यांना दिली आहे. जो नवी गाडी घेणार आहे त्याला ती उपयोगी पडते. काकू नवी गाडी घेणार नाहीत. प्रमाणपत्र दुसऱ्याला विकण्याची सोय आहे, पण ऑनलाइन बाजारात ते विकायला बसणे त्यांच्याच्याने होणार नाही. बंद गाडीच्या मालकाला खरी सवलत एकच हवी असते, ती म्हणजे दारातून उचलून नेणे.

हा खर्च सरकारी तिजोरीतून करा, असेही माझे म्हणणे नाही. आयुर्मान संपलेल्या वाहनांविषयीचे पर्यावरण खात्याचे नवे नियम 1 एप्रिल 2025 पासून लागू झाले आहेत. त्यांनी वाहन उत्पादकांवर जबाबदारी टाकली आहे, की पूर्वी विकलेल्या गाड्यांत वापरलेल्या पोलादाचा ठरावीक हिस्सा, सुरुवातीच्या वर्षांत 8 टक्के, मोडीत निघालेल्या गाड्यांतून परत मिळाल्याची प्रमाणपत्रे त्यांनी स्क्रॅपिंग केंद्रांकडून घ्यावीत. म्हणजे भंगारातील पोलादाला बाजारभावाखेरीज आणखी एक मोल आले आहे आणि ते केंद्राच्या हाती पडते. त्यातील काही भाग गाडी उचलण्यावर खर्च करण्याची अट राज्याने केंद्रांशी बोलून घालावी, ही मागणी अवाजवी नाही. याच नियमांनी मालकावरही गाडी निकामी ठरल्यापासून 180 दिवसांत ती केंद्रात जमा करण्याचे बंधन घातले आहे. बंधन घालायचे आणि वाट बंद ठेवायची, हे बरोबर नव्हे.

वाट बंद असली की गाडी कुठे जाते, तेही पाहा. पार्किंगवरून सभासदांत भांडणे होतात, सर्वसाधारण सभेत ठराव होतात, आणि एके रात्री गाडी ढकलत फाटकाबाहेर नेऊन पदपथालगत सोडली जाते. मग ती महापालिकेची ‘बेवारस’ गाडी होते. काचेवर नोटीस चिकटते, काही दिवसांनी ट्रक येतो, आणि ती एका मोठ्या मैदानात शेकडो सोबत्यांमध्ये जाऊन लिलावाची वाट पाहत उभी राहते. दहा तासांहून अधिक काळ सार्वजनिक जागी बेवारस सोडलेले वाहन उचलण्याचा अधिकार कलम 127 ने पोलिसांना दिला आहेच. पण ही कारवाई रस्त्यावरच्या गाडीवर होते, फाटकाच्या आतल्या गाडीला ती लागू नाही. थोडक्यात, आजच्या घडीला गाडी संपवण्याचा सर्वांत सोपा मार्ग ती बेकायदा रस्त्यावर सोडणे हाच आहे, आणि रीतसर जाऊ पाहणाऱ्याची वाट सर्वांत अवघड आहे. तोवर पावसाळ्यात तिच्या टायरांत, डिकीत आणि बसलेल्या टपावर पाणी साचते आणि आरोग्य खात्याचे लोक डासांच्या अळ्या शोधत येऊन दंडाची पावती सचिवाच्या हातात देतात.

आपल्या अधिकारात काय करता येईल, याचा विचार करताना मला कायद्यात बदल करण्याची गरज दिसत नाही. कलम 55 मध्येच नोंदणी प्राधिकाऱ्याला आपल्या हद्दीतील वाहनाची तपासणी करवून, ते वापरण्याजोगे राहिलेले नाही अशी खात्री पटल्यास, त्याची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आहे. तपासणीसाठी गाडीनेच कार्यालयात आले पाहिजे असे नाही. मोटार वाहन निरीक्षक गाडीकडे येऊ शकतो. एका प्रभागातील गृहनिर्माण संस्थांनी आपापल्या बंद गाड्यांची यादी द्यावी, ठरलेल्या दिवशी निरीक्षक आणि स्क्रॅपिंग केंद्राचा माणूस यांनी एकत्र येऊन चेसीस नंबरांचे छाप आणि छायाचित्रे घ्यावीत, बोजा आणि चोरीची तपासणी ‘वाहन’ प्रणालीवर तिथेच करावी, आणि ज्या गाड्या निर्विवाद आहेत त्या उचलून न्याव्यात. आपले खाते गावोगावी लायसन्ससाठी शिबिरे घेत आले आहे. त्याच धर्तीवर हे शिबिर होऊ शकते.

त्याआधी एक परिपत्रक मात्र हवे, आणि ते सर्व कार्यालयांना व केंद्रांना सारखेच लागू असावे. गाडी केवळ मोडीत काढण्यासाठी देणाऱ्या वारसाकडून नावांतरण, विमा, पीयूसी, नूतनीकरण किंवा नवी नंबरपट्टी मागू नये. मृत्यू दाखला, सर्व वारसांचे शपथपत्र आणि त्यांपैकी एकाची ओळख पटवणारा कागद एवढ्यावर अर्ज स्वीकारावा, आणि गाडीच्या किमतीवरून वारसांत वाद निघालाच तर तो त्यांचा आपापसातला, केंद्राचा नाही, हे त्यात लिहावे. आरसी हरवली असेल तर पोलीस ठाण्यातील नोंद पुरेशी मानावी. दुय्यम आरसी काढून ती लगेच रद्द करण्यात कोणाचाच फायदा नाही. बोजाच्या बाबतीत खबरदारी हवी, कारण तिथे खरोखरच फसवणूक होऊ शकते. पण ज्या वित्त कंपन्या बंद पडल्या किंवा ज्या बँका दुसरीत विलीन झाल्या, त्यांचे वीस वर्षांपूर्वीच्या कर्जाचे ना-हरकत पत्र आणायला वारसाला पाठवण्यापेक्षा, कार्यालयाने उत्तराधिकारी बँकेला एक नोटीस द्यावी आणि ठरावीक मुदतीत हरकत न आल्यास बोजा उतरला असे धरावे.

थकीत ई-चलनांबाबत माझे मत कदाचित अनेकांना आवडणार नाही. गाडी धावत असताना झालेला दंड माफ करू नये. तो भंगाराच्या किमतीतून वळता करून घ्यावा आणि उरलेली रक्कम वारसांना द्यावी. मात्र गाडी बंद पडल्यानंतरच्या काळाचा पर्यावरण कर आणि विलंब शुल्क यांचा आग्रह धरू नये. जी गाडी धूरच सोडत नव्हती तिच्याकडून धुराचा कर घेण्यात अर्थ नाही.

आणखी एक सोय आधीच अस्तित्वात आहे आणि ती लोकांपर्यंत पोहोचलेली नाही. 2021 पासून मालकाला आरसीवर नामनिर्देशित व्यक्तीचे नाव नोंदवता येते, म्हणजे मृत्यूनंतरचे हस्तांतरण पुष्कळ सुलभ होते. बँकेत खाते उघडताना नॉमिनीचा रकाना कोणी रिकामा सोडत नाही, पण गाडी घेताना शोरूममध्ये हा प्रश्न विचारल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. विक्रेत्यांना तो विचारणे सक्तीचे करावे आणि जुन्या वाहनमालकांसाठी ही नोंद ऑनलाइन, निःशुल्क करावी. आज पन्नाशी-साठीत असलेल्या मालकांच्या गाड्या पुढच्या वीस वर्षांत याच पार्किंगमध्ये उभ्या राहणार आहेत.

आमची संस्था अशा शिबिराच्या पहिल्या प्रयोगासाठी जागा, मनुष्यबळ आणि बंद गाड्यांची यादी द्यायला तयार आहे. शेजारच्या संस्थांच्या सचिवांशीही मी बोललो आहे आणि त्यांच्याकडेही अशा दुचाकी आणि मोटारी आहेत. आपल्या कार्यालयाने दिवस ठरवावा. शक्य झाल्यास तो पावसाळ्याच्या आधीचा असावा, कारण एकदा पाऊस लागला की ट्रक आमच्या आतल्या रस्त्यावर येत नाही.

कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मोटार विमा सर्वेक्षक, पुणे